दोन एमबी मेमरी आणि लिनक्स ०.१२

लिनक्सची पहिली आवृत्ती, ०.०१, सप्टेंबर १९९१ मध्ये आली, तेव्हा तो सुमारे दहा हजार ओळींचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, होता आणि हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तो मुख्यतः स्वतःच्या, इंटेलचा ३८६ प्रोसेसर असलेल्या संगणकासाठी लिहिला होता. पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्यातील दोष दूर होत गेले, इतरांचे कळफलक आणि डिस्कही चालू लागल्या. परंतु त्याला खऱ्या अर्थाने पुढे नेले ते जानेवारी १९९२ मधील ०.१२ या आवृत्तीने, असे मला वाटते.

या आवृत्तीतील सर्वांत मोठ्या सुधारणेमागे एक साधी अडचण होती. जर्मनीतील एका वापरकर्त्याच्या संगणकात केवळ २ एमबी मेमरी होती आणि कम्पायलरला (लिहिलेला प्रोग्राम संगणकाच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामला) तेवढी पुरत नसल्यामुळे त्याला लिनक्सचा कर्नल लिनक्सवरच कम्पाइल करता येत नव्हता. टॉरव्हाल्ड्स यांच्या स्वतःच्या संगणकात ४ एमबी मेमरी होती, म्हणजे ही अडचण त्यांची नव्हती. तरीही त्यांनी नाताळच्या सुट्टीत बसून मेमरीतील मजकूर डिस्कवर हलवण्याची सोय लिहून काढली.

तिचा पाया ३८६ प्रोसेसरमध्येच होता. हा प्रोसेसर मेमरीचे ४ केबीचे भाग पाडतो, त्यांना पेज म्हणतात, आणि प्रत्येक पेजची नोंद पेज टेबलमध्ये असते. नोंदीतील एक बिट ते पेज मेमरीत आहे की नाही हे सांगतो. तो शून्य असताना प्रोग्रामने त्या जागेला हात लावला, तर प्रोसेसर काम थांबवून कर्नलला बोलावतो. बिट शून्य असेल, तर नोंदीतील बाकीच्या बिटांकडे प्रोसेसर पाहतच नाही. म्हणून ०.१२ मध्ये त्याच मोकळ्या जागेत, पेज डिस्कवर कोठे ठेवले आहे त्याचा क्रमांक लिहिला जातो. त्यामुळे हिशेबासाठी वेगळी यादी ठेवावी लागत नाही: प्रोग्राम अडला की कर्नल क्रमांक वाचतो, पेज परत आणतो आणि अडलेली सूचना पुन्हा चालवतो. प्रोग्रामला यातले काहीच कळत नाही.

कोणते पेज बाहेर काढायचे, हे ठरवण्याची पद्धत मात्र अगदी प्राथमिक होती. कर्नल पेज टेबलांमधून फिरत राहतो आणि मागच्या वेळी जेथे थांबला होता तेथून पुढे शोध सुरू करतो. एखादे पेज नुकतेच वापरले गेले आहे का, हे तो पाहत नाही. पेजमध्ये काही बदल झालेला नसेल, तर ते लिहून न ठेवताच सोडून दिले जाते, कारण ते मूळ प्रोग्रामच्या फाइलमधून पुन्हा वाचता येते. बदललेले पेज एकाहून अधिक प्रोग्राम वापरत असतील, तर त्याला हात लावला जात नाही. एका टेबलातील नोंद बदलून दुसरी तशीच राहिली, तर दुसरा प्रोग्राम भलतीच माहिती वाचेल. मला ही सावधगिरी मूळ कल्पनेइतकीच महत्त्वाची वाटते, कारण अशी चूक लगेच दिसत नाही; काही तासांनी एखादा निर्दोष प्रोग्राम विनाकारण कोसळतो आणि शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

याच आवृत्तीत इतर सुधारणाही झाल्या. थिओडोर त्सो या प्रोग्रामरच्या कामामुळे चालू प्रोग्राम कंट्रोल-झेड दाबून थांबवता येऊ लागला, एकाच पडद्यावर आळीपाळीने पाहता येणारे अनेक कन्सोल, म्हणजे काम करण्याच्या स्वतंत्र जागा, आले, आणि ज्यांच्याकडे ३८७ ही गणिती चिप नव्हती त्यांच्यासाठी तिचे काम कर्नल स्वतः करू लागला. लिनक्स पैसे घेऊन वाटण्यास मूळ परवान्यात मनाई होती. ती काढून १ फेब्रुवारी १९९२ पासून जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा परवाना लागू होईल, हेही या आवृत्तीबरोबर जाहीर झाले.

बाहेर काढलेल्या पेजसाठी डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत कोणती पेज रिकामी आहेत, याचा नकाशा तिच्या पहिल्या ४०९६ बाइटांमध्ये ठेवला होता आणि त्यातील शेवटच्या १० बाइटांवर ‘स्वॅप-स्पेस’ ही रोमन अक्षरांतील खूण होती. दर पेजला एक बिट असल्यामुळे जागेची मर्यादा आपोआप सुमारे १२८ एमबी ठरली. ही मर्यादा पुढे नव्या रचनेने दूर केली आणि खुणेच्या शेवटी २ हा आकडा आला. पहिले पेज ४०९६ बाइटांचे असेल, तर ती खूण आजही त्याच शेवटच्या १० बाइटांत लिहिली जाते.