पूर्ण भविष्यकाळ (फ्रेंच)

फ्रेंच व्याकरणात 'फ्युत्युर आंतेरिअर' या नावाने ओळखला जाणारा संयुक्त काळ. भविष्यातल्या एखाद्या क्षणाआधी किंवा दुसऱ्या एखाद्या भावी क्रियेआधी जी क्रिया पुरी झालेली असणार, ती या काळात सांगतात. 'आपण पोचेपर्यंत गाडी सुटलेली असेल' या वाक्यातले 'सुटलेली असेल' हे त्याचे मराठीतले जवळचे रूप. मात्र 'त्याची गाडी चुकली असेल' असे म्हणताना मराठी माणूस भविष्याबद्दल बोलत नसतो. घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज बांधत असतो. फ्रेंचमध्येही हा काळ ही दोन्ही कामे करतो. पाठ्यपुस्तके पहिल्या कामावर पानेच्या पाने खर्च करतात आणि दुसरे एखाद्या टिपेत उरकतात. फ्रेंच वर्तमानपत्र वाचायला घेतले की दुसऱ्याशी गाठ लगेच पडते.

रचना

साहाय्यक क्रियापदाचा साधा भविष्यकाळ आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित, एवढीच रचना. साहाय्यक क्रियापद 'आव्वार' (जवळ असणे) किंवा 'एत्र' (असणे, होणे). 'संपवणे' या अर्थाच्या 'फिनिर'ची रूपे अशी होतात: जोरे फिनी, त्यु ओरा फिनी, इल ओरा फिनी, नूझ ओरों फिनी, वूझ ओरे फिनी, इल्झ ओरों फिनी. लिहिताना सहाही रूपे वेगळी असतात, पण कानावर ओरे, ओरा, ओरों एवढे तीनच उच्चार पडतात. कर्ता कोण, हे सर्वनामावरूनच कळते. म्हणून फ्रेंचमध्ये मराठीसारखे सर्वनाम गाळता येत नाही.

'एत्र' घेणारी क्रियापदे मोजकी आहेत. जाणे, येणे, पोचणे, निघणे, पडणे, जन्मणे, मरणे, राहणे अशी हालचालीची आणि स्थित्यंतराची अकर्मक क्रियापदे त्यात येतात, शिवाय सगळी आत्मवाचक क्रियापदे. निघणे म्हणजे 'पार्तिर', म्हणून ज सरे पार्ती, त्यु सरा पार्ती, नू सरों पार्ती. यातली काही क्रियापदे कर्म घेऊ लागली की साहाय्यक बदलतात. 'इल सरा देसांद्यु' म्हणजे तो खाली उतरलेला असेल. 'इल ओरा देसांद्यु ला वालीझ' म्हणजे त्याने बॅग खाली उतरवलेली असेल. मराठीत 'उतरणे' आणि 'उतरवणे' ही दोन क्रियापदेच निराळी आहेत. फ्रेंचमध्ये तो फरक साहाय्यक क्रियापद दाखवते.

'एत्र' असेल तर धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. 'ती निघालेली असेल' लिहिताना 'पार्ती'च्या शेवटी 'ई' हे अक्षर वाढते, अनेक स्त्रिया असतील तर त्यापुढे 'एस'ही येते. उच्चारात काहीच फरक पडत नाही. (आत्मवाचक क्रियापदांना मात्र कर्म पाहावे लागते, कर्ता नव्हे.) 'आव्वार'बरोबर धातुसाधित एरवी अविकारी असते, पण कर्म क्रियापदाच्या आधी आले तर ते कर्माप्रमाणे चालते. 'मी पत्रे लिहिलेली असतील' यात 'जोरे एक्री दे लेत्र' असे म्हणायचे. 'मी जी पत्रे लिहिलेली असतील ती' म्हणताना मात्र 'ले लेत्र क जोरे एक्रीत'. शेवटचा 'त' इथे स्पष्ट ऐकू येतो. कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे क्रियापद फिरवायची सवय मराठी माणसाला जन्मजात असते: आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, बोरे खाल्ली. त्यामुळे हा नियम त्याला पटतो. कर्म आधी आले तरच तो लागू होतो, ही अट मात्र तो विसरतो.

नकाराचे 'न' आणि 'पा' हे दोन्ही तुकडे साहाय्यक क्रियापदाच्या दोन बाजूंना बसतात: 'ज नोरे पा फिनी' (माझे संपलेले नसेल). 'देजा' (आधीच) यासारखी छोटी क्रियाविशेषणे साहाय्यक आणि धातुसाधित यांच्यामध्ये येतात.

घडण

'ओरे' हे रूप मुळात दोन तुकड्यांचे आहे. लॅटिनमधला जुना भविष्यकाळ बोलीभाषेत मागे पडला आणि त्याच्या जागी क्रियापदाच्या मूळ रूपाला 'हाबेओ' (माझ्याजवळ आहे) जोडण्याची पद्धत रुळली. 'मला गायचे आहे' अशा धर्तीच्या 'कांतारे हाबेओ'पासून आजचे 'शांतरे' (मी गाईन) झाले. फ्रेंचचा सर्वांत जुना लेखी नमुना मानल्या जाणाऱ्या, सन 842 मधल्या स्ट्रासबुर्गच्या शपथांमध्ये 'साल्वाराई' (मी रक्षण करीन) हे अशा जुळणीचे रूप आढळते. 'आव्वार' स्वतःच 'हाबेरे'पासून आलेले, म्हणजे 'ओरे' या एका रूपात ते क्रियापद दोनदा दडलेले आहे. पूर्ण भविष्यासाठी लॅटिनमध्ये 'कांतावेरो' असे सुटसुटीत एकपदी रूप होते. तेही फ्रेंचमध्ये टिकले नाही.

वापर

सर्वांत जास्त उपयोग कालवाचक गौणवाक्यात होतो. कां (जेव्हा), लोर्स्क (तेच, थोडे ग्रांथिक), दे क आणि ओसितो क (लगेच), युन फ्वा क (एकदा का), आप्रे क (नंतर) यांच्यापुढे आधी होणारी क्रिया पूर्ण भविष्यात येते आणि मुख्य वाक्य साध्या भविष्यात. 'तू जेवलास की आपण निघू' याचे फ्रेंच 'कां त्यु ओरा मांजे, नू पार्तिरों'. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला फ्रेंच घेणाऱ्यांची गाडी अडते ती याच वाक्यापाशी. मराठीत 'जेवलास की', 'काम झालं की', 'पाऊस थांबला की' असे सरळ भूतकाळी रूप वापरून आपण भविष्याबद्दल बोलतो आणि ते कुणाला खटकत नाही. तोच भूतकाळ, म्हणजे 'पासे कोंपोझे', उचलून फ्रेंचमध्ये ठेवला की वाक्य कोलमडते. फ्रेंचला दोन्ही क्रिया भविष्यात हव्या असतात, फक्त एक आधीची.

उलट 'सी' (जर) असेल तर पूर्ण भविष्यकाळ अजिबात चालत नाही. 'बारापर्यंत तुझं झालं तर' यासाठी 'सी त्यु आ फिनी आवां मिदी' असा पासे कोंपोझेच हवा. इथे मराठीची सवय कामी येते.

'कां'नंतर साधे भविष्य आले तर अर्थ बदलतो: 'कां त्यु मांजरा' म्हणजे 'तू जेवशील तेव्हा', जेवण चालू असताना. दोन क्रियांमध्ये अंतर जवळजवळ नसेल तर मात्र दोन्ही रूपे चालतात; 'पोचल्या पोचल्या फोन करीन' हे 'दे क'नंतर साध्या भविष्यातही म्हणतात आणि पूर्ण भविष्यातही. 'तां क' (जोपर्यंत) बहुधा नकारासह येते, आणि हे वाक्य घराघरातले आहे: 'तां क त्यु नोरा पा रांजे ता शांब्र, त्यु न सोर्तिरा पा', खोली आवरून होत नाही तोवर बाहेर जायचं नाही. 'आप्रे क'पुढे व्याकरण निश्चयार्थी रूप मागते, तरी सुशिक्षित फ्रेंच लोकही तिथे 'स्युब्जोंक्तिफ' (इच्छा, शंका वगैरे दाखवणारे क्रियापदाचे रूप) वापरतात. 'आवां क'ला (आधी) ते लागते, म्हणून याही ठिकाणी जीभ तिकडे वळते.

गौणवाक्याविना, केवळ मुदत सांगूनही हा काळ येतो: 'उद्या या वेळी आपण पोचलेलो असू'. पण 'जूनमध्ये मला इथे नोकरीला दहा वर्षे होतील' अशी चालू राहणारी गोष्ट इंग्रजीच्या वळणाने या काळात घालायला जाऊ नये. 'सा फरा दीझां क ज त्रावाय इसी' असे साधे भविष्य आणि वर्तमान वापरून फ्रेंच माणूस ते सांगतो.

आता अंदाजाचा वापर. स्टेशनवर कुणाची वाट पाहावी, तो येऊ नये, आणि म्हणावे: 'इल ओरा मांके सों त्रें'. गाडी चुकली असेल त्याची. घटना झालेली आहे. भविष्यात आहे ती फक्त खातरजमा. बोलण्यात यासाठी 'इल आ द्यु मांके सों त्रें' ही 'देव्वार' क्रियापदाची रचना अधिक ऐकू येते आणि पूर्ण भविष्य किंचित लेखी वाटते. शालेय मराठी व्याकरणात 'त्याने पत्र लिहिले असेल' हे वाक्य पूर्ण भविष्यकाळ म्हणून पाठ करवून घेतात, प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा असा अंदाजच असते. हे ज्याच्या लक्षात आले आहे, त्याला फ्रेंचमधला हा वापर वेगळा शिकवावा लागत नाही.

तिसरा वापर लेखाजोख्याचा. मृत्युलेखात, निवडणुकीनंतरच्या अग्रलेखात, सामन्याच्या वृत्तांतात 'सेतोम ओरा मार्के सों सिएक्ल' अशी वाक्ये येतात: या माणसाने आपल्या शतकावर ठसा उमटवला. क्रिया पूर्णपणे भूतकाळातली, पण पुढे कधीतरी मागे वळून पाहणाऱ्याच्या नजरेने सांगितलेली. मराठीत इथे साधा भूतकाळच शोभतो. 'उमटवलेला असेल' असे भाषांतर केले तर गौरवाची शंका होते.

याच्याच आसपासचे काही वाक्प्रयोग रोजच्या बोलण्यात आहेत. 'वू लोरे कोंप्री', तुमच्या लक्षात आलंच असेल. 'त्यु लोरा वूल्यु', तूच ओढवून घेतलंस. 'ओंनोरा तू व्यु', आता हेच बघायचं राहिलं होतं. 'कां ले पूल ओरों दे दां', कोंबड्यांना दात येतील तेव्हा, म्हणजे कधीच नाही, हा वाक्प्रचार मात्र या काळातला नव्हे: त्यातले 'ओरों' साहाय्यक नाही, पुढे धातुसाधित नाही, ते 'आव्वार'चे साधे भविष्य आहे.

शेजारची रूपे

मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की पूर्ण भविष्याच्या जागी 'कोंदिसियोनेल पासे' (भूतकाळी संकेतार्थी रूप) येते. 'काम झालं की येईन' असे तो म्हणतो. 'काम झालं की येईन, असं तो म्हणाला' याचे फ्रेंच 'इल आ दी किल विएंद्रे कांतिल ओरे फिनी'. या दुसऱ्या 'ओरे'च्या शेवटी 'टी' हे मूक अक्षर असते. प्रथमपुरुषी एकवचनात तर दोन काळांमध्ये शेवटच्या मूक 'एस'चाच फरक उरतो. शुद्ध उच्चारात संकेतार्थी रूपातला 'ए' अधिक उघडा, पण अनेक फ्रेंच लोक दोन्ही सारखेच उच्चारतात आणि लिहिताना घोळ घालतात. अशा वेळी प्रथमपुरुषी अनेकवचन लावून पाहतात: 'नूझ ओरों' बसले तर 'एस' नको, 'नूझ ओरियों' बसले तर हवे.