खुनाचा क्रूस आणि नवसाचा क्रूस

जर्मनीत, चेक प्रजासत्ताकात किंवा पोलंडच्या सिलेसियात, दोन वाटा मिळतात तिथे दगडी क्रूस दिसला की आपण तो गोव्यातल्या रस्त्याकडेच्या खुरसासारखाच समजतो: कुणीतरी श्रद्धेने उभारला असेल. पुष्कळदा ते खरंही असतं. पण क्रूस बुटका, जाडजूड, एकाच दगडातून काढलेला आणि अर्धा जमिनीत रुतलेला असेल, त्यावर येशूची मूर्ती नसेल, अक्षर नसेल, नुसती तलवार किंवा कुऱ्हाड कोरलेली असेल, तर तो बहुधा खुनाचा.

जर्मन लोक याला 'झ्यूनेक्रॉइट्स' म्हणतात, म्हणजे प्रायश्चित्ताचा क्रूस. साधारण १३व्या ते १६व्या शतकात खुनाचं प्रकरण अनेकदा दोन घरांत बसून मिटवलं जाई. मारणाऱ्याने मृताच्या घरच्यांना पैसे द्यायचे, चर्चला मेणबत्त्यांसाठी मेण द्यायचं, मृतासाठी मिस्सा (चर्चमधली प्रार्थनाविधी) घालायच्या, कधी आखेन किंवा रोमची यात्रा करायची आणि पदरमोड करून क्रूस उभारायचा. मग समोरच्यांनी सूड सोडायचा. क्रूस वाटेवरच का? अचानक मेलेल्या माणसाला शेवटचं पापनिवेदन करता आलेलं नसे. येणाऱ्या-जाणाऱ्याने घटकाभर थांबून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, हा हेतू.

१५३२ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सची फौजदारी संहिता आली आणि असे घरगुती निवाडे ओसरू लागले. एका दिवसात नव्हे. पोलंडमधल्या स्टारगार्डचा क्रूस १५४२ मधल्या खुनाचा आहे. तो साडेतीन मीटरांहून उंच आहे आणि वर मजकूरही आहे, म्हणजे बुटक्या-मुक्या क्रूसांत तो अपवादच. हान्स बिलेकेला लोरेन्झ माडरने मारलं, आणि माडर त्याच्या 'आईच्या बहिणीचा मुलगा', असं दगडावर कोरलंय. आपलं काम 'मावसभाऊ' एवढ्यात झालं असतं.

नवसाच्या क्रूसाची गोष्ट सरळ आहे. जर्मनीतल्या बव्हेरियासारख्या कॅथलिक भागात तो जास्त, आणि बराचसा १७व्या-१८व्या शतकापासूनचा. येशूची मूर्ती, उभारणाऱ्याचं नाव, साल. आजारातून उठल्याबद्दल नाहीतर पीक वाचल्याबद्दल आभार. तो कुणी आपखुशीने उभारलेला, खुनाचा मात्र उभारायला लावलेला.

गोंधळ वाढवतात गावातल्या कथा. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) मेलेला स्वीडिश अधिकारी इथे पुरलाय म्हणून 'स्वीडिश क्रूस', असं जर्मन गावं सांगतात. दगड बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधीचा असतो. चेक लोकांनी उलटी चूक केली. त्यांच्यातल्या काहींनी हेच क्रूस ९व्या शतकातल्या सिरिल आणि मेथोडियस या धर्मप्रचारकांना जोडून टाकले.

कोरलेलं हत्यार म्हणजे खुनाचंच हत्यार, हेही मी डोळे मिटून मानणार नाही. काही क्रूसांवर नांगराचा फाळ आहे. फाळाने माणूस मारता येतो, नाही असं नाही. पण मेलेला शेतकरी होता एवढंच सांगायचं असेल, हे मला जास्त पटतं. शिवाय कित्येक क्रूस मूळ जागेवरून उचलून चर्चच्या कुंपणभिंतीत चिणलेत, तेव्हा 'मुडदा इथेच पडला' ही खूणही हातची गेलेली.