किती कळले म्हणजे तारण होते?

बायबलमधली गोष्ट आहे. प्रेषित पौल कैदेत असताना फिलिप्पै येथील तुरुंगात मध्यरात्री भूकंप झाला आणि सगळी दारे उघडली. कैदी पळाले असे समजून तुरुंगाच्या नाईकाने जीव देण्यासाठी तरवार उपसली. पौलाने त्याला थांबवले, तेव्हा तो कापत कापत विचारतो, ‘माझे तारण (पापापासून सुटका) व्हावे म्हणून मला काय केले पाहिजे?’ उत्तर एका ओळीत मिळाले: प्रभू येशूवर विश्वास ठेव. मग त्याला आणि त्याच्या घरच्यांना वचन सांगितले गेले, त्याने त्याच रात्री कैद्यांच्या जखमा धुतल्या आणि लगेच बाप्तिस्मा घेतला. काही घटकांत कानावर पडले तेवढेच त्याचे धर्मज्ञान. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराजवळ तर तेवढेही नव्हते. ‘माझी आठवण करा’ एवढेच त्याने येशूजवळ मागितले आणि त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले.

पुढे मंडळी, म्हणजे चर्च, वाढली आणि बाप्तिस्म्याआधी शिक्षण घेण्याची रीत पडली. काही ठिकाणी ही तयारी तीन वर्षांपर्यंत चाले. तरी अडाणी माणसाला शिकवायचे कसे, हा प्रश्न होताच. इ. स. 400 च्या सुमारास कार्थेजच्या एका सेवकाने तो उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याला विचारला. ऑगस्टीनने नमुन्यादाखल दोन प्रवचने लिहून दिली, एक लांब आणि एक छोटे. ऐकणारा उभा राहून थकला, जांभया देऊ लागला तर त्याला बसायला द्या, असेही त्याने सांगितले. मला हा सल्ला फार मोलाचा वाटतो, कारण शिकणाऱ्याला काही समजले नाही तर दोष त्याच्याच माथी मारायचा नाही, हे त्यात गृहीत आहे.

मध्ययुगात विद्वानांनी वेगळी वाट काढली. ईयोबाच्या पुस्तकात बैल नांगरत असतात आणि गाढवे त्यांच्याजवळ चरत असतात. पोप महान ग्रेगरीने याचा अर्थ लावला की बैल म्हणजे जाणते आणि गाढवे म्हणजे साधी माणसे, जी जाणत्यांच्या आधाराने विश्वासात राहतात. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने हाच दाखला घेतला, पण एक मर्यादाही घातली: ख्रिस्ताविषयीच्या ज्या रहस्यांचे सण मंडळी जाहीरपणे पाळते, ती प्रत्येकाला माहीत हवीत. अक्षरओळख नसलेल्यालाही सण कळतातच. बाकीच्या बाबतीत ‘मंडळी जे मानते ते मी मानतो’ एवढे पुरे. याला गर्भित श्रद्धा म्हणत.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याला हे पटणे शक्य नव्हते. तो एका कोळसेवाल्याची गोष्ट सांगे. तू काय मानतोस? मंडळी मानते ते. मंडळी काय मानते? मी मानतो ते. अशा उत्तरावर कोणाचा जीव विसावणार? पण ल्यूथरने सामान्यांवर धर्मशास्त्राचा बोजाही टाकला नाही. जर्मनीतल्या सॅक्सनी भागातल्या खेड्यांची पाहणी करताना लोकांना प्रभूची प्रार्थनाही येत नाही हे पाहून तो हादरला, आणि 1529 मध्ये त्याने लहान प्रश्नोत्तरी छापली. घरच्या कर्त्याने ती घरातल्यांना शिकवायची होती. दहा आज्ञा, मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली), प्रभूची प्रार्थना, आणि प्रत्येकापुढे तोच साधा प्रश्न: याचा अर्थ काय?

दुसरा धर्मसुधारक कॅल्विन याने गर्भित श्रद्धेवर आणखी कठोर टीका केली, मात्र सर्वांच्याच विश्वासात काही अज्ञान उरते हे त्याने मान्य केले. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने (प्रोटेस्टंटांच्या शिकवणीच्या पुस्तकाने) खरा विश्वास म्हणजे निश्चित ज्ञान आणि त्याबरोबर मनापासूनचा भरवसा, अशी व्याख्या केली. ज्ञान हवेच, पण किती, याचे माप या व्याख्येत नाही. माझ्या मते तिचा शहाणपणा इथेच आहे. माप ठरले असते तर तुरुंगाचा नाईक बहुधा दाराबाहेरच राहिला असता.

ज्याच्या कानी सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, गेलीच नाही, त्याचे काय? स्वतःचा दोष नसताना जे सुवार्तेविना राहिले पण प्रामाणिकपणे देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये म्हटले. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या हे मानत नाहीत. त्या बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवतात: ज्याच्याविषयी ऐकलेच नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील?