कुंडीतली आंबुशी ओळखायची कशी?

पावसाळा सुरू झाला की कुंडीत, फरशीच्या फटीत, लॉनच्या कडेला एक चिमुकलं पिवळं फूल डोकावू लागतं. ‘हे कोणतं झाड?’ असं विचारताना बहुतेक जण फक्त त्या फुलाचा फोटो पाठवतात. पण पिवळ्या फुलांची तणं डझनावारी आहेत, नुसत्या रंगावरून काही हाती लागत नाही. हे तण बऱ्याचदा आंबुशी असतं. शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा, लिनियसने १७५३ साली दिलेलं. ते नक्की करायचं तर आधी पान पाहा.

लांब देठाच्या टोकाला तीन पर्णिका असतात, प्रत्येक हृदयाकृती आणि टोकाला मधोमध खाच असलेली. मेथीच्या कुळातल्या काही रानटी वनस्पतींनाही तीन पर्णिका आणि पिवळी फुलं असतात, म्हणून गल्लत होते. मात्र त्यांच्या पर्णिकांची कड बारीक दातेरी असते आणि फूल वाटाण्याच्या फुलासारख्या घडणीचं. आंबुशीची कड साधी, आणि फुलाला पाच सारख्या पाकळ्या. भिंगातून पाहिलंत तर दहा पुंकेसर दिसतील, पाच लांब आणि पाच आखूड. संध्याकाळनंतर पर्णिका खाली मिटलेल्या असतात, कडक उन्हातही त्या मिटतात. फूलही उजेडातच उमलतं, त्यामुळे निरीक्षणाला सकाळ चांगली.

मला सगळ्यात खात्रीची खूण वाटते ती फळाची. देठ खाली वाकलेला, पण त्यावरचं फळ मात्र ताठ उभं: एक-दोन सेंटिमीटर लांब, पाच कंगोऱ्यांचं, बारीक लव असलेलं, इवल्याशा भेंडीसारखं. पिकलेल्या फळाला हलकेच चिमटा घेऊन बघा, तपकिरी बिया टपटप बोटांवर आदळतात. प्रत्येक बीभोवती एक ताणलेलं पांढरं आवरण असतं. ते एकदम उलटं होतं आणि बी फळाच्या चिरेतून बाहेर भिरकावली जाते. शेजारच्या कुंडीत आंबुशी कशी पोचली, याचं उत्तर इथे आहे.

उपटूनही ती परत का येते, याचं उत्तर खोडात आहे. जमिनीवर सरपटणारं खोड पेरापेराला मुळं धरतं. वरचं ओढून काढलं तरी मुळं धरलेलं एखादं पेर मातीत राहतं आणि ही बहुवर्षायू वनस्पती तिथून पुन्हा फुटते. गुलाबी-जांभळ्या फुलांची, मातीत कंद असलेली ऑक्झॅलिस ही तिची वेगळी बहीण.

पानांचा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा. आंबुशीची चटणी, भाजी करतात, पण बेताने. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती टाळलेलीच बरी. ओळख पक्की होईपर्यंत तर चव घेऊन बघूच नये, आणि फवारणी झालेल्या लॉनमधली कधीच नाही. कापलं की चांदणी दिसणारं आंबट स्टारफ्रूट याच कुळातलं.

पानं लालसर-जांभळी दिसली तर दुसरी जात समजू नका. जपानमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की शहरातल्या तापलेल्या डांबर-काँक्रीटलगत लाल पानांची आंबुशी जास्त आढळते, आणि शेत-हिरवळीत हिरवी. हा फरक आनुवंशिक आहे आणि जास्त तापमानात लाल पानांच्या झाडांचं प्रकाशसंश्लेषण अधिक चांगलं चालतं. साध्या तणात शहरी उष्णतेमुळे उत्क्रांती घडताना दिसावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

तण काढण्याआधी पानं कुरतडलेली आहेत का, तेही बघा. पेल ग्रास ब्लू या छोट्या निळसर फुलपाखराच्या हिरव्या अळ्या आंबुशीवर वाढतात. २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर किरणोत्साराचे परिणाम अभ्यासण्यासाठी जपानी संशोधकांनी हेच फुलपाखरू निवडलं, आणि प्रयोगशाळेत त्याच्या अळ्यांना खायला दिली ती आंबुशीचीच पानं.