तलावपाळी (ठाणे)

तलावपाळी : ठाणे शहराच्या जुन्या भागातील मासुंदा तलावाचा काठ व त्याला लागून असलेली वस्ती. ठाणे रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस, पायी दहा-बारा मिनिटांवर. एका अंगाला जांभळी नाक्याची बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला नौपाड्याकडे जाणारे रस्ते. या नावाची ठरीव हद्द नाही. ‘तलावपाळीला भेटू’ असे म्हणणाऱ्याच्या मनात काठावरची नेमकी कोणती जागा आहे, हे ऐकणाऱ्याने प्रसंगावरून ओळखायचे असते.

नाव : अलीकडे तलावालाच ‘तलावपाळी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो सोयीचा असला तरी शब्दार्थाला धरून नाही. संस्कृत ‘पालि’ म्हणजे कड, काठ किंवा बांध. मराठीत ‘कानाची पाळी’ या शब्दप्रयोगात तोच अर्थ टिकून आहे. म्हणजे तलाव मासुंदा आणि त्याची कड ती तलावपाळी. हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे. मंदिर, नाट्यगृह, चर्च, शाळा, खाऊच्या गाड्या असे इथे जे काही आहे ते कडेला आहे. मधल्या पाण्यात होड्या आणि एका बेटावरचे लहानसे शिवालय एवढेच.

तलावाचा काळ : ठाण्याचे ‘श्रीस्थानक’ हे नाव उत्तर कोकणच्या शिलाहार राजवंशाच्या ताम्रपटांत येते. त्या वंशातील राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा (इ.स. १०१७) ताम्रपट १७८७ मध्ये ठाण्यातच पाया खणताना सापडला. या पुराव्यावरून मासुंदा तलावही शिलाहारकालीन असल्याचे सर्रास लिहिले जाते. नगराचा पुरावा व तलावाचा पुरावा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ताम्रपटातील नगरनामावरून अमुक एक तलाव सिद्ध होत नाही. ‘शिलाहारकालीन असण्याचा संभव’ इतपतच म्हणणे सावधपणाचे ठरेल. ठाण्यात एकेकाळी साठ तलाव होते असे परंपरा सांगते. तो आकडाही मोजणीपेक्षा सांगण्याचाच असावा. आज त्यांपैकी निम्म्याच्या आसपास उरले आहेत.

कौपिनेश्वर मंदिर : तलावाच्या काठावरील या शिवमंदिराचे मूळही शिलाहारकाळात नेले जाते. सध्याच्या वास्तूबाबत मात्र अधिक नेमके बोलता येते. वसईच्या तहाने १५३४ मध्ये हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला व १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. त्यानंतर, १७६० च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मंदिर बांधले किंवा त्याचा जीर्णोद्धार केला. यांतील ‘बांधले’ की ‘जीर्णोद्धार’ हा वाद शब्दांचा वाटला तरी मंदिराचे वय त्यावरच ठरते. मूळ पिंडी आधीची व वास्तू मराठेशाहीतील, हे मत जुळते वाटते. पुढे १८७९ मध्ये लोकवर्गणीतून दुरुस्ती झाली.

देवाच्या नावाचे लेखन तीन तऱ्हांनी आढळते. संस्कृतच्या नियमाने ‘कौपीनेश्वर’, रूढ लेखनात ‘कौपिनेश्वर’ आणि बोलण्यात ‘कोपिनेश्वर’. कौपीन म्हणजे लंगोटी. लंगोटी नेसणाऱ्या विरक्त शंकराला ते नाव शोभते. पाणिनीच्या ‘शालीनकौपीने अधृष्टाकार्ययोः’ (५.२.२०) या सूत्रानुसार हा शब्द ‘कूप’ म्हणजे विहीर या शब्दावरून सिद्ध होतो, विहिरीत लोटण्याजोगे, अर्थात लपवण्याजोगे, ते कौपीन. तलावाकाठच्या देवाच्या नावात विहीर निघावी हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर स्थलपुराण रचू नये. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा या मंदिरापासून निघते, हे ठाणेकरांना सांगायला नको.

शाळा : तलावाच्या लगत सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च व त्याच नावाची शाळा आहे. चर्चच्या स्थापनेची वर्षे निरनिराळी दिली जातात. पोर्तुगीज अमदानी एवढे त्यांतून निश्चित निघते. जवळच शिवाजी पथावर मो. ह. विद्यालय, टेंभी नाक्याकडे बी. जे. हायस्कूल, तर नौपाड्यात सरस्वती मंदिर ट्रस्टची शाळा व विद्या प्रसारक मंडळाचे डॉ. बेडेकर विद्यामंदिर. विद्या प्रसारक मंडळाची स्थापना १९३५ ची. याच संस्थेने १९६९ मध्ये खाडीकाठी महाविद्यालय काढले व ठाण्याच्या मुलांची मॅट्रिकनंतरची मुंबईची लोकल काही अंशी टळली.

हा पट्टा जुन्या मराठी शाळांचा. त्यामुळे शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) अंमलबजावणीत ‘शेजारशाळा’ (मुलाच्या घरापासून ठराविक अंतरातील शाळा) या संज्ञेचा अर्थ इथे महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी अंतरे धरली आहेत. खाजगी विनाअनुदानित शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात असा कायदा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास त्या खाजगी शाळेला यातून सूट दिली. जिथे अनुदानित शाळा हाकेच्या अंतरावर आहेत अशा जुन्या वस्त्यांत या बदलाने पंचवीस टक्क्यांची तरतूद जवळजवळ निकालात निघाली असती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली व जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला.

ग्रंथालय व नाट्यगृह : ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झाले, मराठी वाङ्मयाचे इतिहासकार वि. ल. भावे हे संस्थापकांपैकी एक. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतरचे, १८९८ चे. थोरलेपणाचा हा मुद्दा ठाण्यात अजून आवर्जून सांगितला जातो, आणि तो खराही आहे. तलावालगतचे राम गणेश गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उघडले. उन्हाळ्याच्या सुटीतील बालनाट्यांमुळे अनेक मुलांची रंगमंचाशी पहिली गाठ इथेच पडते. मध्यंतरात वडा खायचा आणि नाटक सुटल्यावर तलावाला एक फेरी, हा क्रम बहुतेक घरांत ठरलेला.

काठावरची संध्याकाळ : दुपारची शाळा सुटली की वर्दळ वाढते. दप्तर आजोबांच्या खांद्यावर, नातवाच्या हातात कुरमुऱ्यांची पुडी, आणि कठड्याच्या जाळीतून एकेक कुरमुरा पाण्यात. मासे वर आले नाहीत तर पुडी नातवाच्याच पोटात जाते. पायडल होडीत बसताना लहानांना घातलेले लाइफजॅकेट हनुवटीपर्यंत येते. त्यांचे पाय पायडलला पोचत नाहीत, तेव्हा होडी वडीलच हाकतात. काठालगत काचेचा पदपथ केलेला आहे. मुले त्यावर थांबून खाली पाहतात, मोठे शक्यतो चालत राहतात. गणेशमूर्तींचे विसर्जन काठाशी उभारलेल्या कृत्रिम तलावात होते. दिवाळी पहाटेला तलावपाळी व राम मारुती रोड तरुणांच्या गर्दीने भरतात. त्या सकाळी लहान मुलांना घेऊन न गेलेले बरे.

परिसराबाहेरील ठिकाणे : फेरफटक्यासाठी पाचपाखाडीतील कचराळी तलाव, डोंगराच्या पायथ्याशी उपवन, त्यावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील येऊर आणि घोडबंदर रस्त्याकडे ओवळेकर वाडीचे फुलपाखरू उद्यान.