तंबोरा जुळताना वर्गात काय घडतं

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर माझा तास मोकळा होता, म्हणून संगीताच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. नागपूरच्या महाल भागातली जुनी इमारत, बाहेर ई-रिक्षांचे भोंगे, आत सातवीची चाळीसेक मुलं. बाईंनी गवसणीतून तंबोरा काढला आणि म्हणाल्या, "आज गायचं नाही. नुसतं ऐकायचं."

तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना जोडाच्या तारा म्हणतात. दोन्ही एकाच षड्जात, म्हणजे ‘सा’मध्ये, लागायला हव्यात. बाईंनी त्यातली एक मुद्दाम किंचित उतरवली आणि दोन्ही पाठोपाठ छेडल्या. आवाज सरळ न येता वांव-वांव-वांव असा हेलकावत आला. "किती वेळा हलतो, बोटांवर मोजा." मग त्या घोडीखालचा मणी हळूच रेटू लागल्या. हेलकावे मंदावले. "थांबलं?" "नाही बाई, अजून हलून राहिलं ना!" मणी आणखी केसभर सरकला आणि वर्ग एकदम गप्प झाला. दोन तारांचा एकच आवाज झाला होता. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने डोळे मिटूनच हात वर केला.

यात घडलं ते असं. पेटीवरच्या काळी चारचा षड्ज धरला, तर जुळलेली तार सेकंदाला सुमारे २०८ वेळा कंप पावते. शेजारची २०५ वेळा कंप पावत असेल, तर सेकंदात तीनदा दोघी एकमेकींना जोर देतात आणि तीनदा एकमेकींचा आवाज दाबतात. हेच ते हेलकावे. पुस्तकात त्यांना विस्पंद म्हणतात आणि मुलांना ते पुढे कॉलेजात सूत्र म्हणून भेटतात. या मुलांनी सातवीतच ते बोटांवर मोजले. शेवटी शेवटी दोन सेकंदांत एकच हेलकावा येत होता, म्हणजे दोन तारांमधला फरक सेकंदाला अर्ध्या कंपनाचा, चारशे भागांत साधारण एक भाग. आमच्या प्रयोगशाळेतल्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीवर एका मिलिमीटरची चूक म्हणजे तीनशेत एक. मुलांचे कान पट्टीपेक्षा बारीक मोजत होते, आणि ही गोष्ट त्यांना आजवर कुणी सांगितली नव्हती.

असा हा तास दरवर्षी जानेवारीत गायब होतो. शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की त्या परीक्षेला बसणाऱ्या वर्गांचं संगीत गणिताला जातं, आणि मग बाकीच्या वर्गांचंही कुठे ना कुठे जातं. शिक्षकांच्या बैठकीत कुणी हरकत घेतली, तर बिचाऱ्याला एकच युक्तिवाद सुचतो: संगीताने गणित सुधारतं, बुद्धी वाढते. मला हा युक्तिवाद धोक्याचा वाटतो, कारण तो टिकत नाही.

त्याचं मूळ १९९३ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापलेल्या एका छोट्या टिपणात आहे. कॉलेजातल्या ३६ विद्यार्थ्यांनी मोझार्टची रचना दहा मिनिटं ऐकली आणि कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारख्या कोड्यांत त्यांचे गुण वाढले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. त्या प्रयोगात लहान मुलं नव्हती आणि कुणी काही वाजवायलाही शिकलं नव्हतं. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. पुढे टोरांटोच्या ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांना गट पाडून वर्षभर शिकवलं. २००४ मध्ये निकाल आला: संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा तीनहून कमी गुणांनी जास्त वाढला होता. आणि २०२० मध्ये ५४ अभ्यासांतल्या जवळजवळ सात हजार मुलांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. संगीत शिकणाऱ्यांची तुलना दुसरं काहीतरी मन लावून शिकणाऱ्या मुलांशी केली, तेव्हा फायदा शून्याच्या जवळ आला. गणितासाठी मुलांना तबल्याला बसवू नये; गणितासाठी गणितच करावं.

मग संगीत नेमकं काय देतं? ऐकणं. तबल्याकडे बघा. साध्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली, तर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे उपसूर निघतात. कानाला त्यात सूर सापडत नाही, नुसता ठोका ऐकू येतो. तबल्यावरची काळी शाई, म्हणजे लोखंडाची पूड आणि खळ थरावर थर देऊन घोटलेली चकती, त्या उपसुरांना जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट अशा रांगेत आणते. म्हणून तबला षड्जात लावता येतो. शाईची ही करामत १९२० मध्ये ‘नेचर’मध्येच मांडली ती सी. व्ही. रमण यांनी, शिवकाली कुमार यांच्यासोबत. आमच्या नागपुरात गांधीसागर तलावासमोर रमणांच्या नावाचं विज्ञान केंद्र आहे. तिथे जाणाऱ्या नागपूरकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, की १९१० साली अर्थखात्यातले अधिकारी म्हणून रमण स्वतः इथे नोकरीला होते. हातोडीने बाजूचे लाकडी गट्टे ठोकत, पुडीभोवती, म्हणजे वरच्या चामड्याभोवती, कान फिरवत तबला लावणाऱ्यांचं ज्ञान रमणांच्या आधी कित्येक पिढ्यांचं आहे. रमणांनी ते मोजलं. दोघांची सुरुवात मात्र कानापासूनच झाली.

असं ऐकायला शिकल्यावर मेंदूत काय बदलतं, यावर अजून वाद आहे. अमेरिकेत नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेला लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांमध्ये असं दिसलं, की दोन वर्षं संगीत शिकल्यावर त्यांचा मेंदू सारख्या वाटणाऱ्या उच्चारांतला फरक अधिक स्पष्ट टिपतो. एका वर्षात मात्र तो बदल दिसला नव्हता. २०२५ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून मोठ्यांवर केलेल्या अभ्यासात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या मेंदूतल्या ध्वनीच्या पहिल्या नोंदीत वेगळं काही सापडलं नाही. मला पहिल्या निकालाचा मोह होतो, कारण मार्चमध्ये पंखे पाचावर फिरत असताना शेवटच्या बाकावर माझं बोलणं किती पोचतं, हे मी रोज बघतो. पण मोह म्हणजे पुरावा नव्हे.

एका बाबतीत मात्र मला शंका नाही: एकत्र गाणं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या प्रौढांच्या वर्गांवर सात महिने लक्ष ठेवलं. कुठे गाणं, कुठे हस्तकला, कुठे लेखन. सात महिन्यांनी सगळेच गट सारखे घट्ट झाले. पण गाणारे सुरुवातीच्या दिवसांतच, एकमेकांची ओळख होण्याआधीच जवळ आले. विदर्भात याचं नवल वाटू नये. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली आणि गावंच्या गावं सामुदायिक प्रार्थनेला बसवली. आमच्या परिपाठात मी बघतो, नव्याने आलेला, कुणाशी न बोलणारा मुलगा प्रार्थनेत मात्र आवाज मिसळतो. त्यासाठी त्याला शेजारच्याचं ऐकावंच लागतं. नाहीतर सूर सुटतो, आणि तो त्याचा त्यालाच कळतो.

एप्रिलमध्ये ती डोळे मिटणारी मुलगी मला व्हरांड्यात भेटली. "सर, आमच्या कूलरसोबत गुणगुणलं तर पण हलते." मला क्षणभर काही कळलंच नाही. घरी कूलर लागला होता, त्याच्या घरघरीत तिला सूर सापडला होता, आणि त्याच्याजवळचा सूर लावला की तंबोऱ्यासारखेच हेलकावे येत होते. आम्ही तिथेच तिच्या वहीत हिशेब मांडला. मोटर मिनिटाला साधारण १,४०० फेऱ्या घेते, पाती चार, म्हणजे सेकंदाला सुमारे ९३ झोत. त्याची दुप्पट १८६, आणि तिचा खालचा सूर त्याच्याच आसपास. थोडा वेळ वहीकडे बघून ती म्हणाली, "मग स्पीड कमी केला तर सूर उतरला पाहिजे." मी म्हटलं, करून बघ.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेतूनच तिने अंगठा खाली करून दाखवला. सूर उतरला होता.