कोविड-१९वरील तोंडावाटे घ्यावयाची विषाणुरोधी औषधे

कोविड-१९ झालेल्या, पण ऑक्सिजनची गरज न लागलेल्या रुग्णाचा आजार बळावू नये म्हणून घरच्या घरी देता येणाऱ्या गोळ्या व कॅप्सूल. निरमाट्रेलविर-रिटोनाविर (पॅक्सलोविड) आणि मोलनुपिराविर ही त्यांतील प्रमुख औषधे होत. जपानने नोव्हेंबर २०२२ मध्ये एन्सिट्रेलविरलाही तातडीची मंजुरी दिली. रेमडेसिविर शिरेवाटे द्यावे लागते, त्यामुळे ते या गटात मोडत नाही.

लक्षणे दिसू लागल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत विषाणू झपाट्याने वाढत असतो. पुढे आजार गंभीर होतो तो बव्हंशी शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेने भडकवलेल्या दाहामुळे, आणि त्या टप्प्यावर विषाणूची वाढ रोखून फारसे काही साधत नाही. म्हणून पॅक्सलोविड व मोलनुपिराविर ही दोन्ही औषधे लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावी लागतात. साधा सर्दी-ताप आहे असे समजून वाट पाहणाऱ्या वृद्ध किंवा मधुमेही रुग्णाच्या हातून नेमके हेच दिवस निसटतात.

पेशीत शिरलेला विषाणू आपली प्रथिने एका लांब साखळीच्या रूपात तयार करवून घेतो आणि ‘मुख्य प्रोटिएज’ हे विकर (एन्झाइम) ती साखळी कापून कामाची प्रथिने सुटी करते. निरमाट्रेलविर या विकराला निकामी करते. सोबतचे रिटोनाविर मूळचे एचआयव्हीवरील औषध असले, तरी येथे त्याचे काम वेगळे आहे : यकृतातील सीवायपी३ए४ हे विकर मंदावून ते निरमाट्रेलविरला रक्तात टिकवून धरते. निरमाट्रेलविरच्या १५० मिलिग्रॅमच्या दोन गुलाबी गोळ्या आणि रिटोनाविरची १०० मिलिग्रॅमची एक पांढरी गोळी सकाळ-संध्याकाळ पाच दिवस एकत्र घ्यायची असते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेले असल्यास मात्रा कमी करतात. या काळात काहींच्या तोंडाला कडवट, धातूसारखी चव येते, पण ती तात्पुरती असते.

खरी सावधगिरी बाळगावी लागते ती इतर औषधांबाबत, कारण रिटोनाविरने मंदावलेले विकर इतर अनेक औषधेही शरीरात नष्ट करत असते. कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिन बंद ठेवावे लागते, अवयवरोपणानंतर घेतल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते, तर क्षयावरील रिफॅम्पिसिन किंवा अपस्मारावरील कार्बामाझेपिन घेणाऱ्याच्या शरीरात निरमाट्रेलविरच लवकर नष्ट होते. त्यामुळे रुग्णाची चालू औषधे तपासल्याशिवाय ही गोळी लिहून देणे योग्य नव्हे.

लस न घेतलेल्या, अधिक जोखमीच्या प्रौढांवरील पॅक्सलोविडच्या चाचणीत लक्षणांनंतर तीन दिवसांत उपचार सुरू झालेल्यांमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचे व मृत्यूचे प्रमाण ८९ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२२ मध्ये सर्वाधिक जोखमीच्या रुग्णांसाठी या औषधाची ठाम शिफारस केली. पुढे लस घेतलेले पण जोखमीचे, तसेच लस न घेतलेले पण विशेष जोखीम नसलेले अशा रुग्णांवरील चाचणीत लक्षणे लवकर ओसरल्याचे आढळले नाही. निरोगी तरुणाला सरसकट ही औषधे देण्यास म्हणूनच आधार उरत नाही. उपचारानंतर काहींची लक्षणे पुन्हा उसळतात. औषध न घेतलेल्यांतही असे घडते.

मोलनुपिराविर विषाणूच्या आरएनएची (जनुकीय साहित्याची) नक्कल होत असताना तिच्यात इतक्या चुका घुसवते की पुढची पिढी निकामी निघते. त्याची मात्रा दर बारा तासांनी ८०० मिलिग्रॅम, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल, अशी पाच दिवस असते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याला प्रथम मंजुरी दिली. लस न घेतलेल्यांवरील चाचणीत रुग्णालयात दाखल होणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९.७ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आले. मात्र बहुसंख्य लसधारक असलेल्या, २५,०००हून अधिक जणांच्या ब्रिटिश चाचणीत हे प्रमाण घटले नाही, फक्त रुग्णांना काही दिवस आधी बरे वाटले. गर्भवतींना व अठरा वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. इतर औषधांशी त्याचा फारसा संघर्ष होत नाही, त्यामुळे जोखमीच्या ज्या रुग्णाला रिटोनाविर चालत नाही, त्याच्यासाठीच ते प्रामुख्याने विचारात घेतले जाते.